सर्व्हिस म्हणजे आधी फेक

एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. वय ४२, उंची पाच फूट दोन इंच, माहेर कागलकडचं, सासर कोल्हापुरात, घर एकत्र. २०२२ मध्ये कोल्हापूरची ऐश्वर्या जाधव विम्बल्डनला १४ वर्षांखालच्या स्पर्धेत खेळली, तेव्हा त्यांच्या मुलीनं टेनिसचा हट्ट धरला. मुलीला सोडायला जायचं आणि कोर्टाबाहेर बसून राहायचं, याला कंटाळून यांनीही रॅकेट हातात घेतली. मुलगी आता दहावीच्या अभ्यासाला लागली, आई मात्र खेळतेच आहे. रोज सकाळी सहाला डबल्स, पार्टनर थोरल्या जाऊबाई. फोरहँड चांगला, बॅकहँड बरा, सर्व्हिस मात्र जीव खाते. गेल्या वर्षी स्पर्धेत निर्णायक गेममध्ये सलग तीन डबल फॉल्ट झाले (म्हणजे पहिली चुकली, दुसरी सर्व्हिसही चुकली आणि पॉइंट गेला), तिन्ही वेळा चेंडू नेटमध्ये. तेव्हापासून त्या दोन्ही सर्व्हिस हळू, नुसत्या ढकलतात. डबल फॉल्ट कमी झाले, पण जाऊबाई कोर्टवर गप्प झाल्या आणि तो अबोला आता जेवणाच्या ताटापर्यंत आला आहे. चोवीस वर्षांचा कोच म्हणतो, "काकी, ग्रिप (रॅकेट धरायची पद्धत) बदला, नाहीतर काही खरं नाही." मिस्टर म्हणतात, "या वयात कशाला खांदा मोडून घेतेस?" खांदा थोडा दुखतोही. स्पर्धा अडीच महिन्यांवर आली आहे. ग्रिप बदलावी, आहे तेच रेटावं, की जाऊबाईंना दुसरी पार्टनर शोधू द्यावी? शेवटी त्या लिहितात: "मुळात माझी उंचीच नाही. लहानपणी भाऊ क्रिकेट खेळायचा, मी बांधावर बसून स्कोअर लिहायची. मला जमणारं हे काम नव्हेच बहुतेक."

ताई,

तुमच्या पत्रातलं ते बांधावरचं वाक्य मी दोनदा वाचलं. तुम्ही ते सहज, जाता जाता लिहिलं आहे, पण मला तुमच्या सगळ्या दुखण्याचं मूळ तिथंच दिसतं.

पस्तिशी-चाळिशीत टेनिस शिकायला आलेल्या बायकांना मी बरीच वर्षं शिकवते आहे. पहिल्या दिवशी मी रॅकेट देत नाही, चेंडू देते आणि म्हणते, हा नेटपलीकडे फेका. बहुतेक जणी कोपर अंगाला चिकटवून, छातीसमोरून चेंडू पुढं ढकलतात. छाती नेटकडे, दोन्ही पाय सरळ, हात एकटाच काम करतोय. त्यात अंगाचा काही दोष नसतो. तुमच्या भावानं दहा-बारा वर्षांत चेंडू, दगड, चिंचेवर धोंडे किती वेळा भिरकावले असतील याचा हिशेब नाही. त्याच्या खांद्याला ते वळण कुणी शिकवलं नाही, ते खेळता खेळता पडलं. त्या वर्षांत तुमच्या हातात पेन्सिल होती. आणि सर्व्हिस म्हणजे दुसरं काय, तर रॅकेट हातात ठेवून वरच्या दिशेनं केलेली फेक. जी फेक अंगात कधी मुरलीच नाही, तिच्यावर सर्व्हिस बांधायला गेलं की ती ढकलाढकलीच होणार.

तुमचा कोच चुकीचं सांगत नाही. ग्रिप बदलायलाच हवी. पण तो मुलगा लहानपणापासून चेंडू फेकत आला आहे, त्यामुळे फेकताच येत नसेल ही शक्यता त्याच्या ध्यानात येत नाही. म्हणून तो ग्रिपपासून सुरुवात करतो. माझ्या मते तुमच्यासाठी ग्रिप ही दुसरी पायरी आहे.

आता उंचीबद्दल. ही समजूत मी इतक्या जणींकडून ऐकली आहे की इथं थोडं गणित मांडतेच. बेसलाइनपासून, म्हणजे कोर्टाच्या मागच्या रेषेपासून, नेट ३९ फुटांवर आणि नेटपलीकडे सर्व्हिस बॉक्स, म्हणजे सर्व्हिस जिथं पडायला हवी तो चौकोन, २१ फूट खोल. म्हणजे तुमच्यापासून बॉक्सच्या शेवटच्या रेषेपर्यंत ६० फूट. तुमचा हात पूर्ण वर, त्यात रॅकेट, म्हणजे चेंडू लागतो साधारण ८ फुटांवर. तिथून बॉक्सच्या शेवटच्या रेषेपर्यंत सरळ दोरी ताणली, तर ती नेटपाशी २.८ फुटांवरून जाते. नेट मधोमध ३ फूट उंच असतं. दोरी नेटला अडकते! हेच सहा फुटी माणसासाठी करून बघा. त्याचा चेंडू सव्वानऊ फुटांच्या आसपास लागेल, आणि दोरी नेटवरून जेमतेम तीन इंचांनी सुटेल. टेनिसच्या चेंडूचा व्यासच अडीच इंचांहून जास्त असतो. म्हणजे वरून खाली ठोकलेली सर्व्हिस त्यालाही परवडत नाही. चेंडू आधी वर जायला हवा, मग त्याचं वजन आणि त्याला दिलेला स्पिन, म्हणजे गिरकी, त्याला खाली आणतात.

गेल्या वर्षी तिन्ही चेंडू नेटमध्ये का गेले असावेत, ते आता दिसेल. ताण आला की आपली नजर बॉक्सकडे जाते, मान खाली येते, खांदा खाली येतो, आणि आपण चेंडू 'आत घालायला' बघतो. तो नेटमध्येच जाणार. अशा वेळी माझ्याकडे शिकणाऱ्या बायकांना मी एकच गोष्ट सांगते: चेंडू रॅकेटला लागेपर्यंत हनुवटी वर.

आणि उंचीनंच सगळं ठरत असतं तर सहा फुटी अरीना सबालेंकाच्या डबल फॉल्टची २०२२ मध्ये जगभर चर्चा झाली नसती. तिनं त्याच वर्षात तंत्र पुन्हा मुळापासून तपासलं आणि २०२३ च्या जानेवारीत ऑस्ट्रेलियन ओपन जिंकली. उलट टोकाला इटलीची सारा एरानी बघा. उंची साडेपाच फुटांच्या आत, सर्व्हिस इतकी हळू की त्यावर सतत बोललं गेलं, गरज पडली तेव्हा तिनं खालूनही सर्व्हिस केली. तिनं २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये जस्मिन पाओलिनीबरोबर डबल्सचं सुवर्ण जिंकलं, वयाच्या ३७ व्या वर्षी. पाओलिनीसुद्धा तिच्याच उंचीची.

जाऊबाईंचा विषय मला सर्व्हिसहून नाजूक वाटतो, तरी त्याचं निम्मं उत्तर कोर्टवरच आहे. तुम्ही असं धरून चालला आहात की त्या डबल फॉल्टमुळं रागावल्या आहेत. पण तुमच्याच पत्रातला क्रम बघा. डबल फॉल्ट झाले तेव्हा त्या गप्प झाल्याचं तुम्ही लिहीत नाही. तुम्ही सर्व्हिस ढकलायला लागलात, त्यानंतर त्या गप्प झाल्या. आता त्यांच्या जागी उभ्या राहा. तुम्ही सर्व्हिस करताय, त्या नेटपाशी आहेत. मऊ, उंच उडणारी सर्व्हिस समोरची बाई पुढं येऊन जोरात मारते आणि तो चेंडू कुणाकडे येतो? जाऊबाईंच्या तोंडावर. प्रत्येक पॉइंटला. पन्नाशीच्या आसपासच्या बाईला याची भीती वाटू शकते आणि धाकट्या जावेला 'मला भीती वाटते' असं सांगणं आपल्याकडे थोरलीला सोपं नसतं. मी चुकत असेन. म्हणून अंदाज बांधत बसू नका, विचारा. घरी नको, स्वयंपाकघरात तर नकोच, तिथं प्रत्येक वाक्याला मागचे दहा हिशेब चिकटतात. कोर्टवरून परतताना गाडीत विचारा: "माझ्या सर्व्हिसला तुम्ही नेटवर उभ्या राहता, त्याचा त्रास होतो का?"

उत्तर काहीही आलं तरी उद्यापासून एक बदल करा. तुमची दुसरी सर्व्हिस असेल तेव्हा जाऊबाईंनी नेट सोडून मागं, बेसलाइनवर तुमच्या बरोबरीनं उभं राहायचं. हे नियमात बसतं, पार्टनरनं कुठं उभं राहावं याला बंधन नाही. दोघी मागं असलात की समोरून जोरात परत आलेल्या चेंडूला उत्तर द्यायला वेळ मिळतो आणि मग तुमचा चांगला फोरहँड कामाला येतो. या एका बदलानं डबल फॉल्टची भीतीही उतरते, कारण मऊ सर्व्हिसची शिक्षा आता कुणाच्या अंगावर येत नाही.

दुसरी गोष्ट उन्हाची. सकाळी खेळता, म्हणजे एका बाजूनं टॉस करताना, म्हणजे सर्व्हिससाठी चेंडू वर उडवताना, सूर्य थेट डोळ्यांत येत असणार. डबल्समध्ये सर्व्हिस आळीपाळीनं येते आणि बाजू पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या गेमनंतर बदलतात. कागदावर मांडून बघा: सेटमध्ये जी बाई ज्या बाजूनं पहिली सर्व्हिस करते, ती त्या पूर्ण सेटभर त्याच बाजूनं करते. आणि प्रत्येक सेटच्या सुरुवातीला आपल्या जोडीतल्या कुणी आधी सर्व्हिस करायची हे नव्यानं ठरवता येतं. तेव्हा उन्हाचा त्रास जिला कमी, तिनं ती बाजू घ्यायची. हे ठरवायला तरी दोघींना बोलावं लागेल, आणि तुम्हा दोघींना सध्या बोलायला असा एखादा साधा विषय हवाच आहे.

आता मूळ कामाकडे.

पहिले दोन आठवडे फक्त फेक. बेसलाइनवर आडवं उभं राहायचं, डावा खांदा नेटकडे, हातात जुना चेंडू. कोपर खांद्याच्या रेषेत वर, चेंडू कानामागं, आणि नेटच्या बऱ्याच वरून, पलीकडच्या बेसलाइनकडे, उंच भिरकावायचा. आंब्याच्या शेंड्यावरची कैरी पाडायची आहे असं समजा. आधी कंबर वळते, मग खांदा, मग कोपर, शेवटी मनगट, अशी लाट अंगातून जायला हवी. पहिले काही दिवस चेंडू नेटपर्यंतही जाणार नाही. जाऊ दे. रोज तीस चेंडू पुरेत. मुलीला समोर उभी करा, अभ्यासातून पंधरा मिनिटं तिचंही डोकं मोकळं होईल. पाऊस असेल तर हेच काम टेरेसच्या शेडखाली किंवा पोर्चमध्ये भिंतीवर करता येतं.

याच दिवसांत रॅकेटला कव्हर घालून खांद्यामागं फिरवा. तालमीत मुद्गल फिरवताना कधी नीट पाहिलं असेल तर आठवा. माझे वडील तालमीत जायचे, आणि लहानपणी मला वाटायचं की ते मुद्गल ताकदीनं फिरवतात. तसं नसतं. मुद्गल पाठीमागं आपल्या वजनानं लोंबतं, वळसा घेतं, आणि त्या वळशातूनच वर येतं. हात फक्त त्याला वाट देतो. सर्व्हिसमध्ये रॅकेट पाठीमागं पडते ती अशीच पडायला हवी. मूठ घट्ट आवळली की वळसा मोडतो, आणि सगळा भार खांद्याच्या सांध्यावर येतो. तुमचा खांदा दुखतो त्याचं एक कारण हे असू शकतं: ढकलणाऱ्या सर्व्हिसमध्ये पाय आणि कंबर सुट्टीवर असतात, खांदा एकटा राबतो.

तिसऱ्या आठवड्यात ग्रिप. सध्या तुम्ही रॅकेट फोरहँडला धरता तशीच सर्व्हिसला धरत असणार, म्हणजे तव्यासारखी, जाळी थेट समोर. त्यानं चेंडू सपाट ढकलला जातो, स्पिन मिळत नाही. नवी ग्रिप समजायला तुम्हाला कुठं लांब जायला नको. ऊसतोड बघत मोठ्या झालात. कोयता कसा धरतात? धार उसाकडे, पातं आडवं नाही. रॅकेट तशीच धरा, कड समोर. सर्व्हिस करताना रॅकेटची कड चेंडूकडे जाते आणि अगदी शेवटच्या क्षणी कोपराच्या पुढचा हात बाहेरच्या बाजूला वळतो, मग जाळी चेंडूला भिडते. हा वळसा रॅकेटशिवाय करून बघा: उजवा हात डोक्यावर सरळ, तळवा डावीकडे, करंगळीची कड नेटकडे. आता हात वळवा, तळवा नेटकडे येऊ द्या आणि तसाच पुढं उजवीकडे जाऊ द्या. एवढंच. सुरुवातीला वळसा उशिरा पडेल आणि चेंडू डावीकडे पळेल, शेजारच्या कोर्टातही जाईल. मी स्वतः तिशीत ग्रिप बदलली, तेव्हा दीड महिना माझे चेंडू डावीकडच्या कुंपणाच्या जाळीतच जात होते, आणि रोज संध्याकाळी मला जुन्या ग्रिपकडे परतावंसं वाटायचं. तो मोह होणारच, तो आवरा.

हे शिकताना बेसलाइनवरून सुरुवात करू नका. नेटच्या जवळ, आपल्या बाजूच्या सर्व्हिस बॉक्सच्या शेवटच्या रेषेवर उभ्या राहा, अर्ध्या ताकदीनं दहा चेंडू पलीकडे घाला. दहातले सात आत पडले की चार पावलं मागं. असं सरकत बेसलाइनपर्यंत या.

टॉसवर मात्र मी तुमच्याशी थोडी कडक वागणार आहे, कारण बहुतेक डबल फॉल्ट टॉसमध्येच जन्मतात. चेंडू तळव्यात नको, बोटांच्या टोकांत. हात कोपरात न वाकवता, काठोकाठ भरलेला तांब्या उचलावा तसा सावकाश वर न्यायचा आणि डोळ्यांच्या उंचीला चेंडू सोडायचा. मनगटानं उडवला की तो फिरतो आणि डोक्यामागं जातो. तपासायचं कसं? टॉस करा, मारू नका, चेंडू खाली पडू द्या. तो डाव्या पायाच्या पुढं, थोडा उजवीकडे, कोर्टाच्या आत फूटभर पडायला हवा. तिथं एक रुमाल टाकून ठेवा. आणि ही गोष्ट तर प्रत्येकीनं लक्षात ठेवावी: टॉस बिघडला तर मारायची सक्ती नाही. रॅकेट फिरवली नसेल तर चेंडू झेला किंवा पडू द्या, तो फॉल्ट धरत नाहीत. पुन्हा टॉस करा. कितीतरी जणी बिघडलेल्या टॉसमागं धावतात, कारण समोरच्यांना थांबवणं त्यांना उद्धटपणा वाटतो. तो तुमचा हक्क आहे. दोन पॉइंटमध्ये नियमानं २५ सेकंद मिळतात, तेही वापरा. श्वास खाली बसू द्या.

खांद्याबद्दल मिस्टरांची काळजी खरी आहे, ती उडवून लावू नका. एका वेळी चाळीस-पन्नासपेक्षा जास्त सर्व्हिस नको, आठवड्यातून तीन दिवस पुरे, मध्ये एक दिवस मोकळा. रात्री त्या कुशीवर झोपता येत नसेल, किंवा अंबाडा बांधताना हात वर नेताना कळ येत असेल, तर सर्व्हिस थांबवून आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. तोपर्यंत खालून सर्व्हिस करा. ती पूर्ण नियमात आहे. १९८९ च्या फ्रेंच ओपनमध्ये १७ वर्षांच्या मायकेल चँगनं पायात गोळे आलेले असताना, तेव्हाच्या अव्वल इव्हान लेंडलविरुद्ध ती केली, तो सामना जिंकला आणि पुढं स्पर्धाही जिंकली. ही सर्व्हिस केली म्हणून कुणी हसलं तर हसू द्या.

आता तुमच्या तीन पर्यायांपैकी काय? आहे तेच रेटलंत तर ही स्पर्धा कदाचित बरी जाईल, पण पुढच्या वर्षी तुम्ही मला हेच पत्र पुन्हा लिहाल. सगळं एकदम बदललंत तर रोजच्या खेळात हराल आणि तिसऱ्या दिवशी जुन्या ग्रिपवर याल. मी मधला रस्ता सांगते. पहिला महिना नवं काम फक्त सरावात, रोजच्या डबल्समध्ये जुनीच सर्व्हिस, जाऊबाई मागं. महिन्यानंतर पहिली सर्व्हिस नव्या ग्रिपनं, हळू, वर जाणारी. ती चुकली तरी काही बिघडत नाही, दुसरी जुनी आहेच. स्पर्धेच्या आठवड्यात स्वतःची परीक्षा घ्या: दुसरी सर्व्हिस म्हणून नव्या ग्रिपनं दहा चेंडू. सात आत पडले तर स्पर्धेत दोन्ही नव्या. नाही पडले तर दुसरी जुनी, बिनदिक्कत.

वेगाचं नाव या काळात काढायचं नाही. कोच म्हणेल, "काकी, जरा जोर लावा." त्याला हे पत्र दाखवा. मऊ असली तरी खोल पडणारी, स्पिननं वळणारी सर्व्हिस तुमच्या गटात भल्याभल्यांना अडचणीत टाकते.

जाऊबाईंना दुसरी पार्टनर शोधू द्यावी का, हा प्रश्न तुम्ही मला विचारलात. तो त्यांना विचारायचा प्रश्न आहे, आणि गाडीतल्या त्या बोलण्यानंतरच. स्पर्धेला नाव द्या, दोघींचं मिळून. नवरात्रात तुमची निम्मी सकाळची मंडळी अंबाबाईच्या रांगेत असतील, कोर्ट रिकामं मिळेल. घटस्थापनेच्या सकाळी रॅकेट घरी ठेवा आणि दहा जुने चेंडू पिशवीत घालून जा.